आदेश खाली येतो, फोटो वर जातो

तलासरी तालुक्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींचा किंवा बाईंचा फोन हातात घ्या. केंद्राचा ग्रुप, बीटाचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, मुख्याध्यापकांचा, शालेय पोषण आहाराचा, यू-डायसचा, बीएलओंचा, संघटनेचा, पतपेढीचा, डी.एड.च्या बॅचचा. शाळा भरायच्या आत यातल्या निम्म्यांवर 'अति तात्काळ' असे लिहिलेले काहीतरी येऊन पडलेले असते. लिंक भरा, शीट भरा, कार्यक्रमाचे फोटो टाका, माहिती नसेल तर 'निरंक' कळवा. त्याखाली 'ओके सर', 'भरली सर', 'निरंक सर' अशी रांग लागते. आदेश खाली येतो, फोटो वर जातो. शेजारच्या पाड्यावरच्या शाळेत पहिलीची मुले यंदा वाचायला कशी लागली, हे मात्र या शेकडो संदेशांत सहसा सापडत नाही.

एकाच खात्यातली, एकाच पेशाची माणसे फोनवर एकत्र आली म्हणजे त्यांचे कामातले शहाणपण आपोआप एकमेकांकडे जाते का? गेली तीस-पस्तीस वर्षे जगभरच्या कंपन्या, विद्यापीठे आणि सरकारी खाती या प्रश्नामागे आहेत. बहुतेक अभ्यास झाले ते मोठ्या कंपन्यांत. तिथे वेगवान इंटरनेट असते, पगारी वेळ असतो आणि कामाची भाषा एकच असते. यातले काहीच गृहीत धरता येत नाही अशा डहाणू-तलासरीत हा प्रश्न आणून ठेवला की त्याची खरी परीक्षा होते. माझे मत आधीच सांगून टाकतो: शहाणपण जाते, पण ज्या ग्रुपवर साहेब असतात तिथे ते फार कमी जाते, आणि गेलेच तरी ते टिकवून ठेवण्याचे काम कोणाचेच नसते.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. तलासरी त्याच्या उत्तर टोकाला, गुजरात आणि दादरा-नगर हवेलीच्या सीमेला लागून. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तालुक्यातूनच जातो. तो सोडून आत वळले की पाडे सुरू होतात. दहापैकी नऊ माणसे आदिवासी, त्यांत वारली सर्वांत जास्त. घरातली बोली वारली, तिच्यात गुजरातीचे शब्द मिसळलेले. शाळेतली भाषा प्रमाण मराठी. आणि शिकवणारे अनेक गुरुजी बीड, लातूर, सोलापूर, अहिल्यानगर अशा दूरच्या जिल्ह्यांतून आलेले, पहिल्या नेमणुकीला इथे पडलेले.

अशा शिक्षकाला जे कळावे लागते ते डी.एड.च्या पुस्तकात नाही. दिवाळीनंतर कोणत्या पाड्यावरची घरे वीटभट्टीला जातात आणि कोणत्या घरात आजी मागे राहते. कोणाचा बाप गुजरातच्या बंदरात बोटीवर खलाशी आहे आणि तो कधी घरी येतो. भाताच्या लावणीत मोठी बहीण शाळेत का दिसत नाही, आणि ती धाकट्याला कडेवर घेऊन आली तर तिला दारातून परत का पाठवू नये. पहिलीतले मूल प्रश्नाला गप्प राहते ते उत्तर येत नाही म्हणून की प्रश्नातला शब्दच कळला नाही म्हणून. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६च्या आपल्या पुस्तकात मांडले होते की माणसाच्या जाणतेपणाचा मोठा भाग शब्दांत आलेलाच नसतो. इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी १९९५मध्ये जपानी कंपन्यांच्या उदाहरणांवरून दाखवले की हा अबोल भाग माणसामाणसांत फिरत ठेवणे हेच संस्थेचे मोठे काम. तलासरीत हा अबोल भाग शिक्षकाच्या डोक्यात असतो, आणि बदली झाली की शिक्षकाबरोबर एस.टी.त बसून निघून जातो. पाडा कळू लागतो तोवर आंतरजिल्हा बदलीची यादी लागलेली असते. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या, भरतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेल्यापासून तर जागा रिकाम्या राहण्याचे आणि तात्पुरत्या माणसांवर भागवण्याचे प्रकार वाढले. येणारा प्रत्येक जण पाटी कोरी घेऊन सुरुवात करतो.

हा प्रश्न या भागात नवा नाही, आणि त्याला दिलेले एक उत्तमातले उत्तर इथलेच आहे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेले. माँटेसरीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा त्यांच्या अंगणात गेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरली. आजच्या चर्चेला लागू पडणारी गोष्ट पुढची आहे. हे सारे कोसबादच्या टेकडीवर कोंडून राहिले नाही. ताराबाई 'शिक्षणपत्रिका' चालवत होत्या. पुढे अनुताईंनी ती सांभाळली. प्रशिक्षणाचे वर्ग होत, बाहेरून माणसे येऊन राहत, बघत, विचारत. कागद, टपाल आणि मुक्काम एवढ्या साधनांवर बालशिक्षण करणाऱ्यांचा एक व्यवसायबंधूंचा समाज उभा राहिला होता. तिथून बाहेर जाई तो केलेला प्रयोग आणि तो का केला याचे कारण. १९७५मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर झाली. नाव सगळीकडे पोहोचले. त्यामागची रीत मात्र तेवढी पोहोचली नाही, असे मला वाटते. वरून खाली जाणाऱ्या योजनेत नाव आणि नमुना लवकर पोहोचतात, पण त्यांमागचे कारण वाटेतच गळते.

व्यवसायबंधूंच्या अशा समाजांचा विचार शास्त्रीय भाषेत मांडला तो जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी, १९९१मध्ये. शिंपी, सुईणी, दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट यांचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की नवखा माणूस शिकतो तो मुरलेल्यांच्या कामात कडेकडेने सामील होत होत. त्याच सुमारास झेरॉक्स कंपनीत मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांबरोबर हिंडत होते. कंपनीने प्रत्येक बिघाडाची माहितीपुस्तिका दिलेली होती. कारागीर ती बाजूला ठेवत आणि चहा-नाश्त्याला जमले की एकमेकांना किस्से सांगत: अमक्या यंत्राने असा त्रास दिला, मग मी हे करून पाहिले. बिघाड सुटत ते या किश्श्यांतून. ऑर यांचे पुस्तक १९९६मध्ये आले. झेरॉक्सने या अनुभवातून 'युरेका' नावाची व्यवस्था उभी केली: कारागिराने आपली युक्ती लिहायची, त्याच्याच पेशातल्या जाणत्यांनी ती तपासायची, आणि मंजूर झाली की लिहिणाऱ्याच्या नावासकट सगळ्यांना मिळायची. पैसे नव्हते, नाव होते. तपासणारे साहेब नव्हते, तर तेच काम करणारे लोक होते. या दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत, कारण पुढे जगभर अशा व्यवस्था जिथे फसल्या तिथे बहुधा या दोहोंपैकी एक गोष्ट सुटलेली होती.

पैशाचे काय होते त्याचे भारतातले उदाहरण प्रसिद्ध आहे. इन्फोसिस १९८१मध्ये पुण्यात जन्मली आणि पुढे बंगळुरूला गेली. कंपनीने अंतर्गत ज्ञानभांडारात भर घालणाऱ्यांना गुण द्यायला सुरुवात केली. गुणांवर वस्तू मिळत. लेखांचा पूर आला. त्यातले कामाचे कोणते हे वाचणाऱ्याला कळेना, तपासणाऱ्यांना ओझे झाले, आणि शेवटी बक्षिसाची रीत बदलावी लागली. राघू गरुड आणि अरुण कुमारस्वामी यांनी २००५च्या शोधनिबंधात या चक्राचे बारकाईने वर्णन केले आहे. आपल्या शिक्षण खात्यात गुणांची जागा फोटोने घेतली आहे. उपक्रम केला याचा पुरावा म्हणजे फोटो. मग उपक्रम फोटोसाठी होऊ लागतो.

माणसे हातचे राखतात, ज्ञान वाटत नाहीत, असा एक समज आहे. तो फारसा खरा नाही. अलेक्झांडर अर्दिचविली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅटरपिलर या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीतल्या ऑनलाइन गटांचा अभ्यास २००३मध्ये प्रसिद्ध केला. कर्मचारी आपले ज्ञान कंपनीचे, सगळ्यांचे मानत होते. तरी ते लिहीत नव्हते. का? आपण लिहिले ते चुकीचे निघाले तर, फालतू ठरले तर, कोणाची दिशाभूल झाली तर, अशी धास्ती होती. नवख्यांना तर आपल्याला इथे बोलायचा हक्क आहे असेच वाटत नव्हते. मॉली वास्को आणि समेर फराज यांनी २००५मध्ये अमेरिकेतल्या वकिलांच्या एका संघटनेतल्या ऑनलाइन देवाणघेवाणीवर लिहिले. तिथे लोक मदत करत ती उलट मदत मिळेल म्हणून नव्हे. पेशातल्या लोकांत आपले नाव राहावे असे ज्यांना वाटे आणि ज्यांच्या गाठीला अनुभव होता, ते लिहीत. जेकब नील्सन यांचा २००६चा ढोबळ ठोकताळाही इथे आठवतो: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून बोलतात, एखादाच नेमाने लिहितो. तेव्हा गप्प ग्रुप बघून शिक्षक उदासीन आहेत असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. वाचणारेही शिकत असतात.

कॅटरपिलरमधली धास्ती तलासरीत कैक पटींनी वाढते. तिथल्या इंजिनिअरच्या ग्रुपवर त्याचा साहेब असेलही. पण केंद्राच्या ग्रुपवर केंद्रप्रमुख असतात, तालुक्याच्या ग्रुपवर विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी. तिथे 'माझ्या वर्गातल्या चौथीच्या मुलांना अजून वजाबाकी येत नाही, काय करू?' असा प्रश्न टाकणे म्हणजे आपल्या वर्गाची चौकशी आपणच मागवून घेणे. म्हणून ग्रुपवर फक्त यश दिसते: बोलक्या भिंती, रांगोळ्या, शंभर टक्के उपस्थिती. अडचण मात्र खासगीत जाते, फोन लावून, ओळखीच्या एखाद्या जुन्या बाईंना. देवाणघेवाण होतेच, पण दोघांतच राहते, तिसऱ्याला कळत नाही.

महाराष्ट्राने हे कोडे एकदा बऱ्यापैकी सोडवले होते, हे विसरून चालणार नाही. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटात विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीचे काम उभे राहिले. २२ जून २०१५च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला, आणि तेव्हाचे प्रधान सचिव नंदकुमार यांनी शिक्षकांना परिपत्रक वाचायला लावण्याऐवजी कुमठ्याला जाऊन बघायला सांगितले. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून गेले. परतल्यावर ते व्हॉट्सॲपवर एकमेकांना धरून राहिले. त्या काळात ग्रुपला २५६ माणसांची मर्यादा होती. ग्रुप भरला की दुसरा निघे. 'शिक्षणाची वारी' भरू लागली, त्यात शिक्षकांनीच आपले काम मांडायचे असे. भाऊसाहेब चासकर यांच्यासारखे शिक्षक-लेखक पुढे असलेला 'ॲक्टिव्ह टीचर्स फोरम' याच दशकातला. खात्याच्या आत असून खात्याच्या हुकमाखाली नसलेला, वाद घालणारा, शिक्षणविषयक धोरणावर लिहिणारा असा तो गट. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या पाष्टेपाड्यावर संदीप गुंड यांनी डिजिटल शाळा केली, ती बघायलाही लोक गेले. पाष्टेपाड्याचे नाव घेतल्याशिवाय तेव्हा 'तंत्रस्नेही' शिक्षकांची बैठक पार पडत नसे.

त्या लाटेचे खरेखुरे काम झाले, आणि तिची एक मर्यादाही उघडी पडली. कुमठ्यात वर्गाच्या फरशीवर आखलेली वर्तुळे, चौकटी, अंकपट्ट्या राज्यभर रंगवल्या गेल्या. फोटोतून त्या झपाट्याने पोहोचल्या. मूल जमिनीवर बसून स्वतः हाताळत शिकते म्हणून ती आखणी होती, ही गोष्ट फोटोत मावत नव्हती. अनेक शाळांत फरशी रंगली आणि मुले पूर्वीसारखीच रांगेत बसून फळ्याकडे बघत राहिली. जे जाऊन राहिले, बोलले, त्यांच्या वर्गात फरक पडला. ज्यांच्यापर्यंत फक्त फोटो पोहोचला त्यांच्या वर्गात ऑइलपेंट पोहोचला. कोसबादला लोक मुक्कामाला का येत, याचे कारण इथे मिळते.

मग ग्रुपांचे रूप पालटले, आणि त्याला काही अंशी फोनमधली एक सोय कारणीभूत आहे. २०१८च्या मध्यावर व्हॉट्सॲपने 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील' ही सोय दिली. कार्यालयांना ती फार आवडली. अफवा थांबवायला तिचा उपयोग झाला हे खरे. डहाणू-तलासरीला त्याची गरजही होती. नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले, घरांना तडे गेले, लोक रात्री बाहेर झोपू लागले, शाळाही उघड्यावर भरल्या. अशा वेळी 'आज रात्री मोठा धक्का येणार' हा संदेश पसरायला मिनिटही लागत नाही, आणि जाणत्याच्या हातात ग्रुपचे दार असलेले बरे. पण दार बंद करण्याची सवय लागली ती लागलीच. पुष्कळ ग्रुप सूचनाफलक होऊन बसले. फलकावर कोणी प्रश्न विचारत नाही. ॲडमिनला एक भीती मात्र तशी निराधार होती: सदस्याने काही आक्षेपार्ह टाकले तर आपण अडकू, ही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले की समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसल्याशिवाय दुसऱ्याच्या मजकुराबद्दल ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही.

शिक्षकांची धास्ती मात्र निराधार नाही. वर्तणूक नियम पूर्वीपासून आहेत. जुलै २०२५च्या शासन निर्णयाने समाजमाध्यमांच्या वापराचे नियम आणखी स्पष्ट केले आणि ते स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लावले. कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम वापरायला त्यात मुभा आहे. शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करायला मनाई आहे. आता 'पायाभूत चाचणीतला हा प्रश्न आमच्या मुलांना लागू पडत नाही' हे म्हणणे व्यावसायिक अनुभव की धोरणावर टीका? रेष कुठे आहे हे ठाऊक नसलेला माणूस रेषेपासून चार हात लांब राहतो. आणि हे ग्रुप शिक्षकांना कामाचे ओझे वाटतात, आपले वाटत नाहीत, याचा पुरावा सप्टेंबर २०२४च्या आंदोलनात दिसला. कमी पटाच्या शाळांच्या आणि कंत्राटी नेमणुकांच्या धोरणाविरुद्ध प्राथमिक शिक्षक संघटनांनी जी पावले उचलली त्यांत प्रशासकीय व्हॉट्सॲप ग्रुपांतून बाहेर पडणे हेही एक होते. जो ग्रुप सोडणे हे निषेधाचे हत्यार होऊ शकते, तो ग्रुप साहेबांच्या गरजेचा असतो. आपल्याला शिकवणारा ग्रुप निषेध म्हणून कोण सोडेल?

शाळेच्या कुंपणापलीकडे गेलो तर चित्र आणखी तुकड्यातुकड्यांचे दिसते. पाड्यावरच्या एकाच मुलाला अंगणवाडी सेविका ओळखते, आशाताई ओळखते, शाळेचे गुरुजी ओळखतात, आणि थोरले भावंड आश्रमशाळेत असेल तर तिथले अधीक्षक. सेविका महिला व बालविकासची, आशा आरोग्याची, गुरुजी जिल्हा परिषदेचे, आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या डहाणू प्रकल्प कार्यालयाखाली. चौघांचे चार ग्रुप, चार ॲप, चार साहेब. कुटुंब वीटभट्टीला गेल्याचे सेविकेला कळते, कारण तिच्या यादीतले वजन घ्यायचे बाळ गायब होते. शाळेला ते पंधरा दिवसांनी कळते, हजेरीवरून. एका फोनचे काम, पण तो फोन कुठल्याच खात्याच्या कामाच्या यादीत नाही.

सेविकांच्या बाबतीत साधनाचाही प्रश्न आहे. ऑगस्ट २०२१मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोन जुने, क्षमता कमी, सारखे बिघडणारे. 'पोषण ट्रॅकर' हे नोंदींचे ॲप मराठीत नीट वापरता येत नव्हते. ॲप सेविकेकडून आकडे घेते. दुसऱ्या सेविकेचा अनुभव तिला त्यातून मिळत नाही. तिला एकमेकींशी बोलायचे तर ग्रुपच, आणि तिथे अनेक जणी लिहिण्यापेक्षा बोलून पाठवतात. दोन मिनिटांच्या आवाजी निरोपात एखाद्या कुपोषित बाळाला खायला कसे लावले याचे पूर्ण वर्णन असते. अडचण अशी की आवाज शोधता येत नाही. पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पडलेल्या नव्या सेविकेला तो निरोप सापडणार नाही. झेरॉक्सच्या कारागिरांनी किस्से लिहून काढले, तपासले आणि नीट ठेवले. इथे किस्से उत्तम आहेत, पण ठेवणारा नाही.

टाळेबंदीने या सगळ्याची घाईघाईत चाचणी घेतली. २०२०च्या एप्रिलपासून पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही रोजची अभ्यासमाला काढली. 'दीक्षा' या सरकारी व्यासपीठावरच्या धड्यांचे दुवे परिषदेकडून डाएटला (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला), तिथून तालुक्याला, केंद्राला, शिक्षकाला आणि शेवटी पालकाला. साखळी चोख होती. शेवटच्या कडीला पाड्यावर स्मार्टफोन नव्हता, आणि असला तर तो बापाबरोबर कामावर गेलेला होता. याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे 'बोलकी शाळा' झाली, ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवणारी. अनेक ठिकाणी शिक्षक स्वतःहून ओसरीवर, झाडाखाली चार-चार मुले घेऊन बसले. असे किती प्रकार झाले आणि त्यांतले कोणते चालले, याची एकत्र नोंद शाळा पुन्हा भरल्यावर कुठल्याच ग्रुपवर उरली नाही. फोन बदलले, चॅट पुसले गेले.

दुसऱ्या राज्यांत काय जमले? कर्नाटकात शिक्षण खाते आणि बंगळुरूची 'आयटी फॉर चेंज' यांनी २०११पासून हायस्कूलच्या शिक्षकांचे विषयवार गट उभे केले. आधी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष कार्यशाळा, मग ईमेलवरून रोजची चर्चा. गणिताचे शिक्षक गणितावरच बोलणार. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्सबरोबर २०१५मध्ये सुरू केलेल्या 'क्लिक्स' प्रकल्पात राजस्थान, छत्तीसगढ, तेलंगणा आणि मिझोराममधल्या शिक्षकांचे टेलिग्रामवर गट होते. दोन्हीकडे समान काय होते, तर विषय ठरलेला होता, तोंडओळख आधी झालेली होती, आणि चर्चा पुढे नेणारी जाणती माणसे त्याच कामाला होती. आपल्याकडे हे तिन्ही घटक कागदावर आहेतच. महिन्याची शिक्षण परिषद आहे, जिला जुने शिक्षक अजून गटसंमेलन म्हणतात. गटसाधन केंद्रात विषय साधन व्यक्ती आहेत. डाएट आहे. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने बोलीभाषांतले साहित्यही काढले आहे. फक्त शिक्षण परिषदेचा बराच वेळ माहिती गोळा करण्यात जातो, आणि साधन व्यक्तीचा दिवस लिंकांचा पाठपुरावा करण्यात.

म्हणून तलासरीपुरते मला जे सुचते ते फार मोठे नाही. आदेशाचा ग्रुप आदेशाचाच राहू द्या, तो हवाच. त्याशिवाय वर्गाच्या अडचणींचा एक वेगळा ग्रुप असावा, ज्यात अधिकारी नसतील आणि फोटो टाकायला बंदी असेल. पहिली-दुसरीच्या वाचनाचा एक, वारली बोलणाऱ्या मुलांच्या भाषेचा एक, एवढे पुरे. पन्नास विषयांचे पन्नास ग्रुप नकोत. विषय साधन व्यक्तीने महिन्यातून एकदा त्यातले चार प्रश्न आणि त्यांची चार उत्तरे, उत्तर देणाऱ्याच्या नावासकट, दोन पानांवर उतरवावीत आणि शिक्षण परिषदेत त्यांवर तासभर बोलणे व्हावे. हे काम साधन व्यक्तीच्या कामाच्या यादीत लिहून द्यावे, नाहीतर ते होणार नाही. त्या बैठकीला बीटाच्या अंगणवाडी पर्यवेक्षिकेला, आशांच्या गटप्रवर्तकेला आणि जवळच्या आश्रमशाळेतल्या एखाद्या शिक्षकाला बोलवायला कुठल्याही नव्या शासन निर्णयाची गरज नाही. चहाचे चार कप वाढतील.

आणि एक विनंती, बदलीच्या यादीत नाव लागलेल्या शिक्षकांना आणि त्यांना कार्यमुक्त करणाऱ्या मुख्याध्यापकांना. चार्ज देताना जनरल रजिस्टर, जड वस्तू नोंदवही, पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ, किल्ल्या, सगळ्याची मोजून नोंद होते. तीत दोन पाने पाड्याचीही जोडा: कोणती घरे कधी बाहेर जातात, कोणाशी बोलले की मूल परत शाळेत येते, मुलांचे कोणते शब्द तुम्हाला आधी कळले नव्हते आणि नंतर कळले. मुलांची नावे, घरचे खासगी काही त्यात नको. हाताने लिहिलेले चालेल. येणाऱ्या गुरुजींनी चार्ज यादीवर सही करण्याआधी ही दोन पाने मागून घ्यावीत, आणि मिळाली नाहीत तर जाणाऱ्याला एक दिवस थांबवून लिहून घ्यावीत.